आजोबा, तुम्ही उड्या मारायचात का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका रहिवाशाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



परवा जिन्यात आपल्या बिल्डिंगमधल्या एका पोराने विचारलं, "आजोबा, कोस्ट गार्डमध्ये मोठे साहेब झाल्यावरही तुम्ही बोटींवर उड्या मारायचात का?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो.

मी नाविक म्हणून भरती झालो. मिरकरवाड्याला आपण बघतो तसा एखादा ट्रॉलर समुद्रात थांबवला, की जहाजावरून रबरी बोट सोडायची आणि पहिली उडी आमची. कागद बघायचे, खलाशी मोजायचे, मग मासळीच्या खणात उतरून बर्फाखाली हात घालायचा. १९९३ साली रायगडात शेखाडीला स्फोटकं समुद्रातूनच उतरली होती. त्यामुळे बर्फ उपसायचा कंटाळा करून चालत नसे. जेवायला बसलं तरी बोटं बधिर.

प्रधान नाविक झालो तशी खणात दुसरी पोरं उतरू लागली. मी तांडेलाशी बोलायचो आणि लिहून घ्यायचो: वेळ, अक्षांश, रेखांश, जाळं कसलं, मासळी किती. महाराष्ट्राचा १९८१ चा मासेमारी कायदा १२ सागरी मैलांपर्यंतच चालतो. आकडा चुकला, की बोट आत होती की बाहेर यावरच वाद. पोरांची रात्रभराची मेहनत पाण्यात.

शेवटी प्रधान अधिकारी झालो. हात कोरडे झाले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या बंदीत एक ट्रॉलर दिसला, थांबेना. आमचा पोरगा उडीला तयार, वय जेमतेम वीस. दोन बोटींमध्ये पुरुषभर लाट वर-खाली होत होती. कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, आत्ता नको." नंबर टिपून किनाऱ्यावर कळवला. अंधारात ट्रॉलर निसटला. नंतर कुणीतरी म्हणालं, "म्हातारा घाबरला."

घाबरलो होतोच. नाविक असताना भीती स्वतःच्या जिवाची होती, नंतर ती दुसऱ्याच्या पोराची झाली. पहिली सोपी होती.

तर बाळा, उड्या थांबतात. पण "जा" किंवा "नको" म्हणायची वेळ येते, तेव्हा बर्फात बधिर झालेली तीच बोटं आठवावी लागतात. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या टाकीवर स्वतः चढलेली मंडळी आज कमिटीत बसतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जय हिंद, जय महाराष्ट्र!