लांबचं जवळ आणताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपलं नेरूळ म्हणजे फ्लेमिंगोंचा शेजार. खाडीला भरती आली की चिखलावर चरणारे थवे उडून सीवूड्सकडच्या पाणथळींवर येतात. त्यामुळे हल्ली लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न येतो, "काका, झूम लेन्स कुठली घेऊ?" सेक्रेटरी म्हणाले, एकदाच सगळ्यांना सांगून टाका. म्हणून उभा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे कॅमेरे लहान सेन्सरचे आहेत. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. एपीएस-सीचा साधारण २३ बाय १५, मायक्रो फोर थर्ड्सचा १७ बाय १३. पोळीचा फक्त मधला तुकडा ताटात वाढावा, तसा हा सेन्सर चित्राचा मधला भाग घेतो. म्हणून ३०० मिमीची लेन्स निकॉन, सोनीच्या एपीएस-सीवर ४५० सारखी, कॅननवर ४८० सारखी आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ६०० सारखी दिसते. लेन्स मात्र ३०० चीच राहते, बरं का! पक्षी जवळ येतो, तसा हाताचा कंपही मोठा होतो. हातात धरून टिपताना शटर निदान १/५०० ठेवा. उडत्या पक्ष्याला १/१६०० लागतो.

आता माझी चूक सांगतो. निवृत्तीच्या पैशातून मी थेट १५०-६०० घेतली. वजन सुमारे दोन किलो! चार रविवार नेली, खांदा धरला, मग ती कपाटात गेली. दोन पावसाळ्यांनी काचेत बुरशी धरली आणि निम्म्या किमतीतही कोणी घेईना. त्याच काळात सौ.ने तिच्या छोट्या कॅमेऱ्यावर ७५-३०० लावून भरपूर फोटो काढले. तिची लेन्स अर्ध्या किलोच्या आत, पिशवीत कायम असायची. दिवाणखान्यातला फ्लेमिंगो तिचाच आहे, माझा नाही.

म्हणून सांगतो, नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ५५-२५० किंवा ७०-३०० घ्यावी. वर्षभर वापरून कमी पडली, तर १००-४०० चा विचार करावा. तीही सव्वा किलोच्या आसपास जाते. या लेन्सचं तोंड लांब टोकाला ५.६ किंवा ६.३ इतकंच उघडतं, म्हणून पहाटेच्या अंधारात आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. थोडं ऊन येऊ द्या. पण दुपार टाळा. तापलेल्या हवेत लांबचा पक्षी थरथरता दिसतो, तिथे लाखाची लेन्सही काही करू शकत नाही.

जुनी लेन्स घेताना टॉर्च लावून आतली काच बघा. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

आणि सगळ्यात स्वस्त झूम म्हणजे भरतीचं वेळापत्रक. वेळ साधून गुपचूप बसलात, तर पक्षी स्वतःच जवळ येतो. त्याला उडवून फोटो काढू नका.

खरेदीआधी आमच्याकडची लेन्स एक रविवार घेऊन जा. सौ.ची परवानगी आहे. आधी खांद्याला विचारा, मग खिशाला.