मिरवणुकीतला ताशा कोणाच्या गळ्यात?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

घरापासून इतक्या दूर देहरादूनच्या या सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

या व्याख्यानमालेत आमच्या आधी ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर विद्वान वक्ते बोलून गेले. आमचा तेवढा अधिकार नाही. पदवी घेतली ती बी.ए.ची, आयुष्य गेले केंद्र सरकारच्या फायली उपसण्यात, आणि संगीताशी आमचा संबंध म्हणाल तर आपल्या गणेशोत्सवाच्या ढोल-ताशा-लेझीम पथकाच्या निवडसमितीवर आम्ही काही वर्षे बसत आलो आहोत, एवढाच. तेव्हा त्या अनुभवाविषयीच चार शब्द बोलण्याची परवानगी असावी. प्रश्न दिसावयास साधा आहे. ताशाची जागा एक आणि दारात उमेदवार दोन. एकाच्या हातात कला आहे, दुसऱ्याच्या गाठीला वर्षे आहेत. घ्यावे कोणाला?

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांनी शिस्तीची पथके मिरवणुकीत उतरविली, त्याला आता बराच काळ लोटला. आज तेथे पथकात शिरण्यासाठी मुलामुलींची रीघ लागते. आपल्याकडे तीस माणसे जमविताना दमछाक होते, कारण आपली बहुतेक घरे बदलीची. ताशावर हात बसला न बसला तोच गृहस्थांना गुवाहाटीचा आदेश येतो. मुलांचेही तेच, बारावी झाली की ती पुण्याची वाट धरतात. ज्याला आपण अनुभव म्हणतो, तो आपल्या मंडळातून दर पावसाळ्यात रेल्वेने निघून जातो! त्यातच महासाथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी मिरवणूक निघाली नाही. २०२२ साली पथक पुन्हा उभे करावयाचे ठरले, तेव्हा जुन्या वादकांपैकी सातच उरले होते.

ज्यांनी पथकात कधी पाऊल टाकले नाही त्यांच्यासाठी एक खुलासा केला पाहिजे. ढोल कितीही असोत, पथकाचा पुढारी ताशा. ठेका केव्हा बदलावयाचा, लय किती ठेवावयाची, कोठे थांबावयाचे, हे सारे ताशा सांगतो. ढोलवाल्यांचे कान ताशाकडे आणि लेझीमवाल्यांचे पाय ढोलाकडे. पहिला ताशेवाला चुकला तर तो एकटा चुकत नाही.

त्या वर्षीची चाचणी याच सभागृहात झाली. परीक्षक आम्ही तिघे, समोर टेबल, टेबलावर गुणपत्रके आणि चहा. पहिल्या ताशासाठी दोन नावे होती. एक आपल्या सर्वांच्या परिचयाचे काका. सेवानिवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले, वीसहून अधिक मिरवणुका वाजविलेले. दुसरी अकरावीतील एक मुलगी. तिने ताशा शिकला होता तो बव्हंशी दूरध्वनीच्या पडद्यावर पुण्याची पथके पाहून. काकांनी आपला नेहमीचा ठेका वाजविला. स्वच्छ, सरळ, थोडा कंटाळवाणा. मग त्या मुलीने काड्या उचलल्या आणि आमच्या हातातला चहा निवला. इतके दाणेदार बोल त्या सभागृहात पूर्वी कोणी ऐकले नव्हते.

आम्ही पडलो सरकारी माणूस. ज्येष्ठता आणि गुणवत्ता हा तंटा आमच्या कचेऱ्यांत रोजचा. पूर्वी गुणवत्तेवर होणाऱ्या निवडीत उत्कृष्ट शेरा मिळालेला कनिष्ठ आपल्या ज्येष्ठाला ओलांडून वर जात असे. फेब्रुवारी २००२ मध्ये कार्मिक विभागाने ते बंद केले. समितीने उमेदवार ठरलेल्या पातळीस उतरतो की नाही एवढेच पाहावे, आणि जे उतरतील त्यांचा ज्येष्ठताक्रम हलवू नये, असा नियम झाला. या नियमाने भांडणे पुष्कळ कमी झाली हे आम्ही स्वतः पाहिले आहे. त्या न्यायाने जागा काकांची होती. आम्ही मात्र त्या दिवशी बाणेदारपणे सांगितले, “ही कचेरी नव्हे, येथे कलेला मान मिळालाच पाहिजे.” जागा मुलीला दिली. काका म्हणाले, “साहेब, उत्तम झालं. पोरीचा हात सोन्याचा आहे.” आणि ते ढोलांच्या दोऱ्या ताणावयास बसले.

येथील सैनिकी अकादमीचे दीक्षान्त संचलन आपण पाहिले असेल. तेज चालीला मिनिटास १२० पावले, आणि बँड ती गती तसूभर ढळू देत नाही. पण त्यांचे मैदान सपाट असते! आपली मिरवणूक राजपूर रोडच्या उताराने घंटाघराकडे येते. उतारावर पाय आपोआप लांब पडतात, आणि पायांमागे हात पळतात. शिवाय तो भाद्रपदातला पाऊस. आपले ढोल अजून चामड्याच्या पानांचे. ओल लागली की पान सैल पडते, आवाज बसतो, मग वादक जोर लावतो आणि जोराबरोबर लय वाढवितो.

त्या वर्षी हे सारे एकदम झाले. पाऊण तास झाला, सर पडून गेली, उतार लागला. ढोल बसले. ढोल ऐकू येईनात म्हणून मुलीने बोल अधिक भरले, अधिक दाट केले. लय चढत गेली. पुढे लेझीमच्या दोन रांगांत तिसरी-चौथीतील मुले होती. त्यांची पावले चुकू लागली, एक मुलगी पाठच्या रांगेच्या पायांत पडली आणि मागून मूर्तीची गाडी येत होती. गाडीवाल्याने वेळीच करकचून थांबविली. पोरीचे गुडघे फुटले, एवढ्यावर निभावले. त्यानंतरचे दृश्य आम्ही विसरलेलो नाही. काका कडेने छत्री घेऊन चालत होते. त्यांनी छत्री कोणाच्या तरी हाती दिली, एकाची झांज मागून घेतली आणि ताशासमोर येऊन ते उलटे चालू लागले. दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एक झांज. बाकी काही नाही. मुलीने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिले आणि सारी नक्षी टाकून सरळ ठेका धरला. घंटाघरापर्यंत काका तसेच उलटे चालले.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही आज अनुभवाचे गोडवे गाऊन खाली बसलो असतो. परंतु पुढच्या वर्षी, २०२३ साली, आम्ही पश्चात्तापाच्या भरात दुसरी चूक केली. पहिला ताशा काकांना दिला आणि पहिल्या रांगेत सर्व जागा जुन्यांना. मुलीला दुसरा ताशा देऊ केला. ती आली नाही. तिच्याबरोबरची चार मुलेही आली नाहीत. मिरवणूक निर्विघ्न पार पडली, पण पथकाचे सरासरी वय पन्नाशीकडे झुकले होते, आणि चढावर काकांना दोनदा थांबावे लागले. विसर्जनानंतर प्रसाद घेताना काका आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, माझा मान राखलात. पण माझ्यामागं कोण, ते पाहिलंत का?” आम्हांला उत्तर सुचले नाही. उशिरा का होईना, त्या मुलीच्या घरी जाऊन यावे हे मात्र सुचले. ती दारातच म्हणाली, “काका, माझं चुकलं होतं तर मला सांगायचं ना. तुम्ही तर मला काढूनच टाकलंत.” पंचवीस वर्षांच्या नोकरीत आमचे इतके नेमके मूल्यमापन कोणी केले नव्हते.

त्याच सुमारास आमच्या एका नातलगांच्या मुलीचे अमेरिकेहून पत्र आले. ती तेथील ढोल-बिगुलांच्या पथकासाठी चाचणी देत होती. या पथकांची राष्ट्रीय अजिंक्यपदस्पर्धा १९७२ पासून भरते, आणि वयाची बाविशी उलटली की त्यांतून निवृत्ती. म्हणजे त्यांच्याकडेही अनुभव दरवर्षी निघून जातो. फरक इतकाच की त्यांना तो केव्हा जाणार हे आधी ठाऊक असते, आपल्याला आदेश हाती पडेपर्यंत नसते. तिने लिहिले होते की उभ्याने वाजविणे हा चाचणीचा एक भाग. दुसऱ्या भागात रांगेत चालवून पाहतात, आणि चूक दाखविल्यावर उमेदवार ती किती लवकर सुधारतो याकडे परीक्षकांचे डोळे असतात. ते वाचून आम्हांला आमचे टेबल आणि चहाचे पेले आठवले. आम्ही दोन वर्षे चुकीच्या दोन माणसांत निवड करीत नव्हतो. चुकीच्या जागी बसून निवड करीत होतो. सभागृहात उभ्या माणसाचा हात दिसतो. दुसऱ्या तासाला, ओल्या रस्त्यावर, दुसऱ्याचे ऐकून आपला हात आवरणारा माणूस तेथे दिसत नाही. तसा तो सोळा वर्षांचाही असतो आणि साठीचाही नसतो.

२०२४ साली आम्ही चाचणी रस्त्यावर घेतली. पहाटेच्या वेळी, रहदारी नसताना, चाळीस मिनिटे चाल. अर्धा वेळ उमेदवाराने पुढारी व्हावयाचे, अर्धा वेळ दुसऱ्याच्या मागे वाजवावयाचे. परीक्षकांनीही बरोबर चालावयाचे, ही अट काकांची. आमच्या गुडघ्यांना ती अजून पटलेली नाही. मुलगी आली होती. पुढारी म्हणून तिने उत्तम वाजविले, पण आमचे लक्ष होते ते नंतरच्या वीस मिनिटांकडे. नववीतला एक नवशिका मुलगा ताशा वाजवीत होता, मधूनमधून अडखळत होता, आणि ही त्याच्या मागे, त्याचाच साधा ठेका, तसूभर पुढे न जाता. त्या दिवशी गुणपत्रके भरण्याची गरज पडली नाही. पहिला ताशा तिला, दुसरा त्या नवशिक्या मुलाला, आणि काकांच्या हाती झांज. काकांनी हे पद स्वतः मागून घेतले. आमच्या खात्यात असे पद नाही. ज्येष्ठाने कनिष्ठाच्या समोर उलटे चालावयाचे, हे कोणत्याच सेवानियमांत बसावयाचे नाही.

मुलगी आता पुण्यास शिकते. तेथे एका पथकात गेली, तर पहिले वर्ष तिला ताशा दिलाच नाही, ढोल बांधावयास लावला. तिने रागाने काकांना दूरध्वनी केला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. दोऱ्या कशा ताणावयाच्या ते मात्र त्यांनी तिला पुन्हा एकदा समजावून सांगितले.

या वर्षी पहिल्या ताशाची जागा पुन्हा रिकामी आहे. तो नवशिका मुलगा आता नवशिका राहिलेला नाही, आणि नागपूरहून बदलून आलेल्या एका भगिनींनी पंधरा वर्षे ताशा वाजविल्याचे अर्जात लिहिले आहे. दोघेही या सभेत बसलेले आम्हांला दिसत आहेत. चाचणी रविवारी पहाटे साडेपाचला, मंडळाच्या दारातून सुरू होईल. छत्र्या आणू नयेत; पायांत घट्ट बसणारे बूट मात्र अवश्य घालून यावेत.