अडकित्त्यातली तरफ

भिवंडीजवळचं वडपे म्हटलं की मुंबई-नाशिक महामार्ग आणि गोदामं डोळ्यांसमोर येतात. तिथे टेम्पोला फळी टेकवून पिंप वर ढकलतात ना, ती फळी म्हणजे उतरण. एक साधं यंत्र.

अशी यंत्रं घरातही आहेत. पानाच्या डब्यातला अडकित्ता बघा. दोन्ही पाती एका टोकाला खिळ्याने जोडलेली. तो खिळा म्हणजे तरफेचा टेकू. सुपारी टेकूपासून 2 सेंटीमीटरवर आणि मूठ 12 सेंटीमीटरवर असेल, तर हाताचा जोर सुपारीवर जवळजवळ सहापट होऊन पडतो. म्हणूनच जाणती माणसं सुपारी खिळ्याच्या जवळ धरतात. अर्थात, हा जोर फुकट मिळत नाही. हात जितका मिटतो, त्याच्या सहाव्या हिश्शाएवढंच पातं आत शिरतं.

विळीचं पातं ही पाचर. विहिरीवरची एकेरी कप्पी मात्र जोर वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. पोहरा वर येतो, पण आपण दोर खाली ओढतो, आणि अंगाचं वजन कामी येतं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. आणि जात्याचा खुंटा? तो कडेलाच ठोकतात, कारण मध्यापासून हात जितका लांब, तितकं दळण हलकं.