वाघ दिसला नाही तर?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि "वाघ-सिंहांचे किस्से सांग" अशी फर्माईशही केली आहे. प्राणिसंग्रहालयात पशुवैद्य म्हणून बरीच वर्षे काढल्यामुळे किस्से पुष्कळ आहेत. ते जेवणाच्या पंगतीत सांगेन. इथे मात्र थोडे कामाचे बोलतो. शाळेच्या पाचवीच्या मुलांच्या सहलीसाठी आपल्या बॅचने निधी द्यायचे ठरवले आहे आणि सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाणार आहे. त्या सहलीबद्दल माझे एक मागणे आहे.

आपली सहल पेशवे पार्कला जायची. आधी फुलराणीसाठी रांग, मग पिंजऱ्यांपुढून रांग. लोखंडी गज, सिमेंटची जमीन आणि आत प्राणी. त्याला लपायला जागाच नसे, म्हणून तो हमखास दिसायचा. पुढे ते प्राणी कात्रजला गेले आणि १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले. तळ्यासकट सुमारे १३० एकरांचा परिसर, भरपूर झाडी, गजांऐवजी खंदक. पिंजरा बदलला, पण पाहणाऱ्यांची अपेक्षा फारशी बदलली नाही. प्राणी दिसला पाहिजे, जवळून दिसला पाहिजे आणि काहीतरी करताना दिसला पाहिजे!

"तिकीट काढून आलो आणि वाघ झोपलाय!" ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे. आता सिंहाचेच घ्या. तो जंगलातसुद्धा दिवसाचे अठरा-वीस तास विश्रांतीत घालवतो. शिकारीला लागणारी ताकद तो अशी राखून ठेवतो. उलट एखादा वाघ कुंपणालगत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा फिरत असला की लोक खूश होतात. "काय रुबाब आहे!" म्हणत मोबाइल वर काढतात. आम्हाला नेमकी तीच येरझार काळजीत टाकते. जेवणाच्या वेळेआधी थोडे फिरणे वेगळे. पण त्याच रेषेवर, त्याच जागी वळून तासन्‌तास चालणे हे बहुतेक वेळा ताणाचे किंवा कंटाळ्याचे लक्षण असते. साखळीतला हत्ती जागच्या जागी डुलतो, तेही यातलेच. झोपलेल्या वाघाची तक्रार होते आणि अस्वस्थ वाघाचे कौतुक, ही माझ्या धंद्यातली सर्वांत मोठी अडचण आहे.

गज काढून खंदक आणण्याचे श्रेय जर्मनीच्या कार्ल हागेनबेक यांना जाते. कोणता प्राणी किती लांब उडी मारतो हे मोजून त्यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ बिनगजांचे प्राणिसंग्रहालय उघडले. सिंह मोकळा असल्याचा भास झाला आणि लोक हरखून गेले. पण हा बदल प्राण्याइतकाच पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी होता. प्राण्याच्या बाजूने नीट विचार मांडला तो पुढे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी. प्रत्येक वन्य प्राण्याचे एक ठरलेले अंतर असते. माणूस त्याच्या आत आला की प्राणी पळतो. पिंजऱ्यात मागे सरकायला तेवढी जागा नसेल, तर तो सतत पळायच्या तयारीत राहतो. म्हणून नुसती मोठी जागा पुरत नाही. आडोसा लागतो, उंचवटा लागतो, माणसाच्या नजरेआड होण्याची सोय लागते. सिमेंटचा खडक आपल्याला जंगल वाटतो. प्राण्याला त्याची सावली मिळाली, मागे दडता आले, तरच त्याचा उपयोग.

आपली हौस पिंजऱ्याशी थांबत नाही, ती पैदाशीपर्यंत पोचते. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, तो आपल्याच पट्टेरी वाघाचा दुर्मीळ रंग आहे. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेला 'मोहन' हा बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा पूर्वज. रंग टिकवण्यासाठी मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. पुढेही जवळच्या नात्यातच पैदास होत राहिली. या वाघांत आढळणारा तिरळेपणा त्या रंगाच्या जनुकाशीच जोडलेला आहे. लोकांना पांढरा वाघ बघायचा होता, म्हणून तो घडवला गेला.

मग प्राणिसंग्रहालये बंदच करावीत का? मला तसे वाटत नाही. अरबी ऑरिक्स हे हरीण १९७२ मध्ये जंगलातून संपले होते. बंदिवासात वाढवलेल्या कळपांतून ते १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडता आले. आपल्याकडेही १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले, नियम आले. आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवणे त्यातलेच. प्राण्यांना खायला घालणे, डिवचणे हा कायद्याने गुन्हा आहे. चांगले प्राणिरक्षक अन्न लपवून ठेवतात, उन्हाळ्यात फळे बर्फात गोठवून देतात, ओरखडायला ओंडके टाकतात, म्हणजे प्राण्याला दिवसभर उद्योग राहतो. पण लपायला झुडूप लावले की लगेच तक्रार येते, "काहीच दिसत नाही." आणि मग कोणीतरी ते झुडूप छाटायचा हुकूम देतो.

म्हणून माझे मागणे. सहलीत मुलांना वीस प्राण्यांची नावे लिहून आणायला सांगू नका. पाच-सहा मुलांचा एक गट करा, प्रत्येक गटाला एकच प्राणी द्या आणि त्याच्यासमोर वीस मिनिटे शांत बसवा. प्राणी काय करतो, कुठे बसतो, गर्दी वाढली की कुठे जातो, त्याला लपायला जागा आहे का, हे वहीत लिहू द्या. दिसला नाही तर "दिसला नाही" असेच लिहू द्या. त्या मुलांचे गुण कापू नका. आजच्या शिक्षकांनी होकार दिला, तर आधीच्या आठवड्यात शाळेत येऊन मुलांशी तासभर बोलायची माझी तयारी आहे. आणि आपल्यापैकी जे नातवंडांना घेऊन जातात त्यांनी काचेवर टकटक करू नये, शिट्ट्या मारू नयेत आणि झोपलेल्या वाघाची तक्रार खिडकीवर नेऊ नये, एवढे केले तरी पुरे.

आपल्याला निरीक्षण करायला या शाळेनेच शिकवले. बाईंनी वर्गात आणलेल्या बाटलीतल्या बेडकाच्या पिल्लांना पाय फुटायची आपण किती दिवस वाट पाहिली होती! तेवढा धीर या मुलांनाही मिळावा, एवढेच म्हणणे आहे.