न मोजलेल्या ओढ्याचे पाणी



सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ही अमावास्या श्रावणात आली तर गोष्ट वेगळी; वैशाखात आली तर देवाच्या स्नानापुरतेही पाणी पात्रात असेलच असे नाही. कऱ्हेला पाणी किती, या प्रश्नाचे उत्तर महिना विचारल्यावाचून देता येत नाही ते असे.

कऱ्हेवर नाझरे येथे धरण आहे, तेथे पाण्याच्या पातळीची नोंद राहते. परंतु अशा नद्यांना मिळणारे शेकडो ओढे आहेत, त्यांचे पाणी कोणी मोजलेले नाही. आणि बंधारे तर त्यांच्यावरच बांधायचे! मग इंजिनिअर काय करतो? पाऊस मोजलेला असतो, त्यावरून तो पाण्याचा अंदाज बांधतो.

या अंदाजाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 1930 च्या सुमारास इंग्लिस आणि डिसूझा या दोघांनी पश्चिम भारतातल्या 53 ठिकाणच्या मोजणीवरून दोन सूत्रे बसवली, एक घाटमाथ्यासाठी व एक देशावरच्या सपाटीसाठी. सपाटीचे सूत्र सोपे आहे. वर्षाचा पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्यातून 17.8 वजा करावे, उरेल त्याला पुन्हा पावसाने गुणावे आणि 254 ने भागावे. 50 सेंटिमीटर पाऊस झाला तर वाहून येणारे पाणी 6.3 सेंटिमीटर. आता पाऊस निम्मा करा, 25. पाणीही निम्मे होईल असे वाटते ना? ते येते 0.7 सेंटिमीटर, म्हणजे नवव्या हिश्शाइतके. 10 चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पहिल्या वर्षी 63 कोटी लिटर आणि दुसऱ्या वर्षी अवघे 7 कोटी. पावसाचा पहिला वाटा जमीन घेते, झाडेझुडपे आणि ऊन घेतात. ओढ्याला मिळते ते सर्वांचे भागून उरलेले.

आता सरासरीची गंमत पाहा. एका वर्षी 75 आणि दुसऱ्या वर्षी 25 सेंटिमीटर पाऊस झाला. पावसाची सरासरी 50 च. पाणी मात्र 16.9 आणि 0.7, म्हणजे सरासरी 8.8, कागदावर 6.3 पेक्षा फायदाच झाला! पण त्या 16.9 तले पुष्कळसे पाणी चार-दोन पुरांत बंधाऱ्यावरून उडी मारून नीरेला जाते. पुढच्या वर्षी गुरांना सरासरी पाजता येत नाही. म्हणून मोठ्या योजनांत 100 पैकी 75 वर्षे जितके पाणी खात्रीने येईल तितकेच हिशेबात धरण्याची रीत पडली. आमच्या मते गावच्या बंधाऱ्यालाही हाच प्रश्न आधी विचारावा.

सूत्र वर्षाचे पाणी सांगते, दिवसांचे सांगत नाही. पाऊस तितकाच असला तरी तो काळ्या रानात रिमझिम पडला तर जिरतो, आणि भाद्रपदात मुरमाड उतारावर दोन वळवासारख्या सरींत कोसळला तर धो धो वाहतो. दिवसांचा अंदाज हवा तर मोजलेला शेजारी शोधावा लागतो. धरणाची पातळी रोज किती चढली व किती पाणी सोडले, यावरून किती आले ते निघते. ते क्षेत्राच्या प्रमाणात आपल्या ओढ्याला लावायचे. पण शेजारी जमिनीने, उताराने व पावसानेही सारखा पाहिजे. पुरंदरच्या डोंगरातला ओढा बारामतीकडच्या ओढ्याला उसना दिला तर काय होईल, हे मघाच्या नवव्या हिश्शावरून आपण ओळखलेच असेल. शिवाय वाळूचे पात्र पहिला पूर स्वतःच पिऊन टाकते. वर पाणी दिसले म्हणून ते खाली पोचलेच असे नव्हे.

आणखी एक अडचण आमच्या पिढीने स्वतःच निर्माण केली आहे. त्या 53 ठिकाणांची मोजणी झाली तेव्हा शिवारात इतक्या विंधनविहिरी, इतकी शेततळी, इतके बंधारे नव्हते. पावसाळा सरल्यावर दिवाळीपर्यंत ओढा वाहायचा तो जमिनीतल्या पाझरावर. तो पाझर आपण पंपाने आधीच उचलतो. पाऊस जुनाच राहिला तरी ओढा जुना राहत नाही. वरच्या गावाने नवा बंधारा घातला, तर खालच्या गावचा अंदाज त्या दिवसापासून शिळा झाला. भांडणे होतात ती पुढे.

यावर शहाण्यांची मोठी यंत्रे आहेत, गणकयंत्रावर चालणारी गणिते आहेत. ती जरूर वापरावीत. पण त्यांनाही ताडून पाहायला कुठला तरी मोजलेला आकडा लागतोच. तो गावाने द्यावा. महिन्या-दीड महिन्यात पाऊस येईल. त्यापूर्वी ओढ्यावरच्या पुलाच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. शाळेतल्या मुलांनी रोज सकाळी पाणी कोणत्या खुणेला आहे ते वहीत लिहावे, आणि पूर आला तर तासातासाला. कोरड्या दिवशी शून्य लिहायला विसरू नये. ओढा प्रथम वाहिला ती तारीख, आणि अखेरची धार तुटली तीही तारीख, एवढी मात्र वही भरली पाहिजे.