डॉक्टरीच्या वाटेवरील मुलांचे मंडळ
(देवरूख येथील भाषण)

सुतार घराण्यातील रखमाबाई 1894 साली विलायतेत डॉक्टरीच्या परीक्षेत उतरल्या. आमच्या मुलांना तर 2023 पासून रत्नागिरीसच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण दोर नसता विहीर काय कामाची? नीट परीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे. पेपर मराठीतही मिळतो. हे दहावीच्या मुलास कोणी सांगत नाही, मग तो अकरावीस भलताच विषय घेऊन बसतो. म्हणून आम्ही शिक्षकांनी दर रविवारी शाळेत मंडळ भरविण्याचे योजिले आहे. वर्गणी नाही. मुलींस अवश्य धाडावे. कुणबी-सुतारांच्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींची शिक्षण-फी सरकारने 2024 पासून माफ केली आहे. दाखले मात्र आताच काढावेत. लावणीच्या दिवसांत मंडळ सायंकाळी भरेल.