बुधाची माची, आपलं माहेर

 

आज हप्ता, व्याज, बँकेची फाईल यातलं काही बोलायचं नाही. आज आमच्या आवडत्या लेखकाबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. सगळे त्यांना गोनीदा म्हणतात, कुणी अप्पा म्हणतात.

गोनीदांचा जन्म 1916 साली विदर्भात, परतवाड्याला झाला. शाळा अर्धवट सोडून लहान वयातच ते घराबाहेर पडले. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली. पुढे बरीच वर्षं ते आपल्या तळेगाव दाभाड्यात राहिले आणि इथले गडकिल्ले पायी फिरले. ‘स्मरणगाथा’ या पुस्तकात त्यांनी आपल्या आयुष्याची कहाणी सांगितली. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पण आम्हाला ते आपले वाटतात ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी आपल्या मावळावर कादंबऱ्या लिहिल्या. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही पवन मावळातली, तुंग किल्ल्याच्या परिसरातली. ‘माचीवरला बुधा’ ही लोणावळ्याजवळच्या राजमाचीवरची.

आमच्यातल्या दोघी-तिघींनी कॉलेजात असताना ही पुस्तकं वाचली होती. गटात मात्र निम्म्या जणींना वाचायला अडचण येते. मग आम्ही ठरवलं, दर बैठकीत बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गोनीदा स्वतःही कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांच्यासोबत आपल्या कादंबऱ्यांचं असंच जाहीर वाचन करत.

पहिल्या दिवशी कुरकुर झाली. “पुस्तकानं काय पोट भरतं?” एक काकू म्हणाल्या. वाचन सुरू झालं आणि थोड्या वेळानं त्याच काकू म्हणाल्या, “अगं, ह्ये तर आपलंच बोलणं हाय की! असं बी पुस्तकात छापत्यात व्हय?”

मैत्रिणींनो, शाळेत आपल्याला सांगितलं गेलं, असं बोलू नका, शुद्ध बोला. इथे तर एवढ्या मोठ्या लेखकानं माणसांच्या तोंडी मावळातली बोली घातली. ते ऐकून आमच्या बायका जरा ताठ बसल्या.

मग आठवणी निघायला लागल्या. कुणाला भात लावणीतलं इरलं आठवलं, कुणाला खाचराच्या बांधावर पकडलेले खेकडे. कुणाला करवंदांनी काळे झालेले ओठ, कुणाला पावसाच्या तोंडावर झाडाझाडावर लुकलुकणारे काजवे. दोन तास कुणी उठलं नाही.

‘माचीवरला बुधा’ वाचताना मात्र वेगळंच घडलं. बुधा मुंबईत आयुष्य काढतो आणि म्हातारपणी आपल्या माचीवर परत येतो. झाडं, पाखरं, कुत्रं यांच्या संगतीत एकटाच राहतो. लहानपणीची माची त्याला ओढून आणते. आम्ही सगळ्या त्यात रमलो होतो. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, “बुधा नशीबवान. माझी माची पाण्याखाली हाय. अन् नसती, तरी मला कोण माघारी जाऊ देणार व्हतं?”

सगळ्या गप्प झाल्या. मावशींचं माहेर पवना धरणात गेलं. आणि ज्यांचं माहेर जागेवर आहे, त्या तरी कुठे परत जातात? गौरी-गणपतीला दोन दिवस, भाऊबीजेला एक दिवस. जिथे आपण वाढलो त्या घरात आपण पाहुण्या. बुधाची गोष्ट खरी आहे, पण ती एका पुरुषाची आहे. आपली गोष्ट अजून लिहायची राहिली आहे.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. यंदा मे महिन्यात जीप करून आम्ही बारा जणी मावशींना तिथे घेऊन गेलो. त्यांची नातही सोबत होती. मावशी देवळाच्या पायाशी बसल्या. मग पाण्याकडे हात करून सांगू लागल्या, तिकडं आमचं घर, पलीकडं आंब्याचं झाड, त्या अंगाला मोठं खाचर. एकेका शेताचं नाव त्यांच्या तोंडावर होतं. नात म्हणाली, “आजी, तू हे कधी सांगितलंच नाहीस.”

“कुणी इचारलंच न्हाई,” मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही गटाच्या रजिस्टरची मागची पानं उलटी धरून एक वही सुरू केली. पुढून बचतीचा हिशोब, मागून आठवणींचा. जिला लिहिता येतं ती लिहिते, जिला येत नाही ती सांगते. पहिल्या पानावर मावशींच्या शेतांची नावं आहेत.

पुस्तक वाचून बुडालेलं घर वर आलं नाही, हे आम्हालाही कळतं. पण आता ते घर नातीला ठाऊक आहे.

तुमच्या गटातही करून बघा. जवळच्या वाचनालयातून एखादं पुस्तक आणा, पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचा. मग गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, “मावशी, तुमचं लहानपण कुठं गेलं?” आणि मध्ये न बोलता ऐका.

येते आम्ही. रामराम!